खालची पट्टी कापू नका!

आमच्या आजीच्या घरी दर जानेवारीत एक ठरलेला कार्यक्रम असायचा. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उतरायचं. त्यावरचं चित्र, कधी कमळातली लक्ष्मी तर कधी लोणी खाणारा कृष्ण, आजी अलगद सोडवून घ्यायची. मग कात्रीने चित्राखालची पट्टी सरळ रेषेत कापून टाकायची. त्या पट्टीवर ग्राइप वॉटरची बाटली असायची, नाहीतर साबणाची वडी किंवा विडीचं बंडल, दुकानदाराचं नाव, आणि अगदी बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव. देव फ्रेमवाल्याकडे जायचा आणि पट्टी बंबात! "जाहिरातीला कशाला हळदकुंकू?" असा तिचा साधा हिशोब होता.

आणि आता गंमत बघा. आज आम्ही दोघं फ्रीमाँटमध्ये बसून नेमकी तीच पट्टी शोधत असतो.

जुन्या जाहिरातींची चित्रं फ्रेम करून घरात लावायची आवड आपल्या मंडळींमध्येही आता बरीच दिसते. कुणाच्या किचनमध्ये जर्दाळूच्या पेटीचं लेबल असतं, कुणाच्या हॉलमध्ये जुन्या सिनेमाचं पोस्टर. म्हणूनच मंडळाच्या मदतनिधीसाठी गेल्या वर्षी आम्ही अशा प्रिंट्सचं एक टेबल लावलं. उत्साह दांडगा, माहिती बेताची! एका फळांच्या लेबलवर आम्ही 'मूळ, १९३०' अशी चिठ्ठी लावून ते चाळीस डॉलरला विकलं. थोड्या वेळाने मुलाकडे आलेले एक काका टेबलापाशी आले. मुंबईत छापखान्यात आयुष्य गेलेलं. त्यांनी खिशातून भिंग काढलं, शेजारचं तशाच छपाईचं दुसरं चित्र दोन मिनिटं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "अहो, हे मूळ नाही. नंतरची छपाई आहे ही. ठिपके बघा."

काकांचं बरोबर होतं. विकलेलं चित्रही त्याच गठ्ठ्यातलं. ज्या कुटुंबाने ते घेतलं होतं त्यांना आम्ही शोधून काढलं आणि पैसे परत करायला गेलो. ते म्हणाले, "राहू द्या हो, चांगल्या कामालाच गेले ना?" त्यांचा मोठेपणा! पण आम्हाला काही झोप लागेना. मदत म्हणून दिलेले चाळीस डॉलर वेगळे आणि 'मूळ' म्हणून घेतलेल्या वस्तूचे चाळीस डॉलर वेगळे. लोक मंडळावर विश्वास ठेवून पाकीट उघडतात. तो विश्वास गेला तर पुढच्या वर्षी टेबल कशाला लावायचं? म्हणून वर्षभर आम्ही या विषयाचा जरा नीट अभ्यास केला. त्याचाच हा गोषवारा.

एक दगड मळवलीला, एक सॅन फ्रान्सिस्कोला

या जुन्या चित्रांचं तंत्र एकच: शिळाछाप, म्हणजे लिथोग्राफी. १७९० च्या दशकात बव्हेरियातल्या अलॉइस सेनेफेल्डरने ते शोधून काढलं. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं. दगड ओला केला की पाणी कोऱ्या जागी राहतं, तेलकट रेषांवर ठरत नाही. मग शाई फिरवली की ती फक्त रेषांना चिकटते. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर सगळा खेळ! रंगीत चित्र हवं असेल तर प्रत्येक रंगाला वेगळा दगड. आठ-दहा रंग असले तर कागद तितक्या वेळा दाबाखालून जाणार, आणि दर वेळी केसभरही सरकता कामा नये. फोटोशॉपमध्ये आपण 'लेयर' म्हणतो ना, तेच, फक्त प्रत्येक लेयर उचलायला दोन माणसं लागायची!

आपल्याकडे हे तंत्र घरोघरी नेलं ते राजा रविवर्मांच्या छापखान्याने. १८९४ साली त्यांनी तो मुंबईत सुरू केला. पुढे प्लेगच्या दिवसांनंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. देवदेवतांच्या चित्रांबरोबरच तिथे कंपन्यांची लेबलं आणि जाहिरातींची कॅलेंडरं छापली जाऊ लागली. ज्या लक्ष्मीला आजोळी हार घातला जायचा, तिच्याच पायाशी साबणाचं नाव येऊन बसलं ते असं. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच छापखान्यासाठी काम करत होते. १९७२ साली लागलेल्या आगीत हा छापखाना जळाला.

आता आपल्या गावाकडे या. बे ब्रिजवरून सॅन फ्रान्सिस्कोत शिरताना पुलाला अगदी खेटून एक घड्याळाचा मनोरा दिसतो. ऑफिसला जाता-येता आपल्यातल्या कित्येकांनी तो शेकडो वेळा पाहिला असेल. तिथे आता लोकांची घरं आहेत, पण पूर्वी तो श्मिट लिथोग्राफ कंपनीचा छापखाना होता. तिचा संस्थापक मॅक्स श्मिट हाही मूळचा जर्मन! कॅलिफोर्नियातल्या फळांच्या पेट्यांवरची असंख्य लेबलं तिथे छापली गेली. सॅन होजेची म्युअरसन लेबल कंपनीही याच धंद्यात होती. म्हणजे एक जर्मन मळवलीत आपल्या देवांची चित्रं छापत होता आणि दुसरा इथे पेर-संत्र्यांची. तंत्र एकच.

पेटीवरचं चित्र कशासाठी?

आज ज्याला आपण सिलिकॉन व्हॅली म्हणतो ते खोरं तेव्हा जर्दाळू, चेरी, पेर आणि प्रुनच्या बागांनी भरलेलं होतं. आपलं फ्रीमाँट शहर १९५६ साली सेंटरव्हिल, नाइल्स, आयर्विंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही पाच गावं मिळून झालं. त्याआधी इथेही शेती आणि बागाच होत्या. नाइल्सला १८८४ साली आलेल्या कॅलिफोर्निया नर्सरी कंपनीची रोपं दूरदूर जात. तिची जागा आज शहराचं ऐतिहासिक उद्यान आहे. मुलांना घेऊन जरूर जा.

इथली फळं लाकडी पेट्यांतून रेल्वेने पूर्वेकडच्या मोठ्या शहरांत जात. तिथे लिलाव व्हायचा. व्यापाऱ्यासमोर एकसारख्या दिसणाऱ्या पेट्यांची रास. त्यात आपली पेटी लांबून ओळखू यावी, म्हणून पेटीच्या तोंडावर भडक रंगांचं, मोठ्या अक्षरांचं लेबल. आपल्या हापूसच्या पेटीवर बागाईतदाराचं नाव असतं, त्याचाच हा भाऊ म्हणा. अनेक पॅकर तर लेबलच्या रंगावरून मालाची प्रत सांगत. सफरचंदांच्या लेबलांवर निळी पार्श्वभूमी म्हणजे बहुधा पहिली प्रत, लाल म्हणजे त्याखालची. १८८० च्या दशकापासून १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे चाललं. मग वरच छपाई केलेले पुठ्ठ्याचे खोके आले आणि कागदी लेबलांचं काम संपलं. गोदामांत न वापरलेले गठ्ठे पडून राहिले. म्हणूनच बरीच साधी लेबलं, अगदी मूळ असूनही, आज थोडक्या डॉलरमध्ये मिळतात. दुर्मीळ असेल त्याची किंमत अर्थातच वेगळी.

या चित्रांत एक गोष्ट मात्र दिसत नाही: फळं तोडणारी माणसं. डोंगर हिरवे, आकाश निळं, बागा भरलेल्या, पण मजूर जवळजवळ कुठेच नाही. चिनी, जपानी, पोर्तुगीज, मेक्सिकन, फिलिपिनो आणि आपल्या पंजाबच्या लोकांनीही कॅलिफोर्नियातल्या या शेतांत घाम गाळला. १९४२ च्या मे महिन्यात सेंटरव्हिलच्या जपानी वंशाच्या शेतकरी कुटुंबांना सामानासकट बसमध्ये बसवून छावण्यांकडे नेलं, तेव्हाचे डोरोथिआ लँगने काढलेले फोटो आजही पाहायला मिळतात. आम्ही किचनमध्ये लेबल लावलं तेव्हा त्याच्या मागे हे चार ओळींत लिहून ठेवलं. मुलं विचारतातच की, "हे कुठलं चित्र?" मग सांगायला काहीतरी हवं!

मूळ की नक्कल?

काकांनी शिकवलेली परीक्षा अगदी सोपी आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. फोनचा कॅमेरा जवळ नेला तरी पुष्कळदा काम होतं.

जुन्या शिळाछापेत चित्रकाराने हाताने दिलेले ठिपके असतात. लहान-मोठे, वेडेवाकडे, आणि प्रत्येक रंगाची आपली स्वतंत्र शाई. नंतरच्या ऑफसेट छपाईत निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चारच रंगांचे ठिपके शिस्तीत रांगेने बसलेले दिसतात, जवळून पाहिलं तर छोट्या फुलांसारखे. घरच्या इंकजेट प्रिंटरची छपाई म्हणजे रंगाची बारीक फवारणी. पण एक लक्षात ठेवा. १९३०-४० नंतरची कित्येक खरीखुरी जुनी लेबलंही ऑफसेटवर छापलेली आहेत. त्यामुळे नुसते ठिपके दिसले म्हणून नक्कल म्हणू नका. कागद, मागची बाजू, आकार, छापखान्याचं नाव, सगळं एकत्र पाहायचं. आमची चूक वेगळी होती. काकांनी ठिपक्यांवरून शंका काढली, मग आम्ही चित्र उलटं केलं तर मागचा कागद पांढराशुभ्र, अगदी आजचा! तो आम्ही आधी बघितलाच नव्हता.

रविवर्मा प्रेसच्या चित्रांवर काही घरांत जर आणि टिकल्या चिकटवून देवीला नटवलेलं असतं. तसं चित्र तुमच्याकडे असेल तर कृपया ते 'साफ' करायला जाऊ नका. तो त्या घराचा इतिहास आहे.

छापून घ्यायचं असेल तर

नक्कल लावण्यात काही कमीपणा नाही. नक्कल आहे असं सांगितलं की झालं! फक्त दोन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली पिक्सेलची. स्वच्छ छपाईला एका इंचाला ३०० पिक्सेल धरतात. १६ बाय २० इंचाचं चित्र हवं तर फाइल ४८०० बाय ६००० पिक्सेलची हवी. इंटरनेटवरून उचललेलं ८०० पिक्सेलचं चित्र या हिशोबाने जेमतेम पावणेतीन इंच रुंद छापता येतं. ते ताणून पोस्टर केलं की लक्ष्मीचा चेहरा धुक्यातून आल्यासारखा दिसतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहातून मोठ्या फाइली फुकट उतरवून घेता येतात. मंदीच्या काळात, १९३६ ते १९४३ दरम्यान, सरकारी योजनेत चित्रकारांनी केलेली नऊशेच्या वर पोस्टरं तिथे आहेत. अभ्यासाच्या खोलीला ती फार शोभतात.

दुसरी गोष्ट हक्कांची. आम्ही वकील नाही, पण ढोबळ नियम असा. अमेरिकेत जुनं प्रकाशित चित्र प्रकाशनानंतर ९५ वर्षांनी खुलं होतं. भारतात चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं मोजतात. रविवर्मा १९०६ साली गेले, त्यामुळे त्यांच्या चित्रांना अडचण नाही. म. वि. धुरंधर १९४४ साली गेले आणि कोल्हापूरचे बाबूराव पेंटर १९५४ साली. भारतात त्यांचं काम खुलं झालं आहे, पण इथे छापताना प्रकाशनाचं वर्ष बघावं. बाबूरावांच्या 'कल्याण खजिना'चं १९२४ चं पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सगळ्यात जुन्या भारतीय सचित्र सिनेपोस्टरांपैकी एक मानलं जातं. आपल्या सगळ्यांच्या लाडक्या दिवाळी अंकांचे चित्रकार दीनानाथ दलाल १९७१ साली गेले आणि रघुवीर मुळगावकर १९७६ साली. म्हणजे भारतात त्यांचे हक्क अनुक्रमे २०३१ आणि २०३६ संपेपर्यंत आहेत. त्यांची मुखपृष्ठं स्कॅन करून मदतनिधीसाठी विकावीत असं आमच्याही मनात आलं होतं. नको! चांगल्या कामासाठी दुसऱ्याचा हक्क डावलायचा नाही, असं आम्ही ठरवलं. जुना अंक विकत घेऊन त्याचंच पान फ्रेम करायला, किंवा तो अंकच पुढे विकायला, हरकत नाही. १९४६ सालचा एअर इंडियाचा महाराजा आणि १९६६ पासूनची अमूलची मुलगी यांनाही हेच लागू. ती नुसती चित्रं नाहीत, चालू कंपन्यांची ओळख आहे.

आणि मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या रद्दीवाल्याकडे घबाड सापडलं तर बॅग भरण्याआधी थांबा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू भारताबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून वस्तू त्या वर्गातली नसल्याचा दाखला घेता येतो.

भिंतीवर लावताना

इथे आमचाच गाढवपणा सांगतो. गावाहून आणलेलं एक जुनं कॅलेंडरचं चित्र आम्ही फ्रेममध्ये बसत नाही म्हणून कडेने कापलं, मागून सेलोटेपने चिकटवलं आणि पश्चिमेच्या मोठ्या खिडकीसमोर लावलं. कॅलिफोर्नियाचे दोन उन्हाळे, आणि देवीची गुलाबी साडी पांढुरकी! सेलोटेपचे पिवळे डाग समोरून दिसायला लागले ते वेगळंच. आणि कापलेल्या कडेबरोबर छापखान्याचं नाव गेलं. आजीला काय नावं ठेवणार?

तेव्हा मूळ चित्र असेल तर:

- कापू नका, पुठ्ठ्याला चिकटवू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. फ्रेम चित्राच्या मापाची करा, चित्र फ्रेमच्या मापाचं नको.
- माऊंट आणि मागचा पुठ्ठा ॲसिड-फ्री घ्या. काच चित्राला टेकू देऊ नका.
- थेट ऊन नको. अतिनील किरण अडवणारी काच किंवा ॲक्रिलिक वापरा. त्यानेही रंग उडायचा वेग फक्त कमी होतो.
- गॅसजवळ नको. फोडणीची वाफ काचेच्या आतही जाते! किचनमध्ये लावायची हौस असेल तर नक्कल लावा आणि मूळ फाइलमध्ये ठेवा.
- आपण हेवर्ड फॉल्टच्या अंगाखांद्यावर राहतो. १८६८ साली इथे मोठा भूकंप झाला होता. पलंगावर किंवा पाळण्यावर काचेची जड फ्रेम टांगू नका. तिथे ॲक्रिलिक लावा, हूक भिंतीमागच्या लाकडात बसवा.

कुठलं चित्र लावायचं हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. पण जुन्या अमेरिकन जाहिरातींत कृष्णवर्णीय आणि मूळ अमेरिकन लोकांची चेष्टा करणारी चित्रं पुष्कळ आहेत. आपल्याकडच्या जुन्या जाहिरातींतही गोऱ्या रंगाचं कौतुक कमी नाही. अशी चित्रं संग्रहात आणि अभ्यासात जरूर असावीत. हॉलमध्ये मात्र शेजारी घरी आला तर त्याला अवघडल्यासारखं होईल असं काही नको, एवढं आम्ही पाळतो. देवांच्या चित्रांचंही तसंच. आमच्या आईचं म्हणणं असं, की खाली साबण असला तरी वर लक्ष्मीच आहे, तेव्हा तिला शूज काढायच्या जागी लावायचं नाही. आम्हाला ते पटलं.

या वर्षीचं टेबल

या वर्षी टेबलावरच्या प्रत्येक फ्रेमच्या मागे एक चिठ्ठी असेल: चित्र कशाचं, चित्रकार किंवा छापखाना कोणता, साल कोणतं, आणि मूळ की नक्कल. जे ठाऊक नाही ती जागा कोरी असेल. चिठ्ठीवर वस्तूची अंदाजे बाजारभावाची किंमतही लिहू. तिचं एक कारण करांचंही आहे. देणगीच्या बदल्यात वस्तू घेतली तर करसवलत फक्त वस्तूच्या किमतीहून जास्त दिलेल्या रकमेवर मिळते. तीस डॉलरचं चित्र तुम्ही शंभर डॉलर देऊन घेतलंत तर देणगी सत्तर डॉलरची. रक्कम ७५ डॉलरच्या वर गेली की संस्थेने हे लेखी कळवावं लागतं, ते मंडळ कळवेलच.

आणि हो, भिंगवाले काका या वर्षीही आलेत. ते टेबलाच्या टोकाला खुर्ची टाकून बसणार आहेत. तुमच्याकडे ट्रंकेच्या तळाशी घातलेलं एखादं जुनं कॅलेंडर असेल, दिवाळी अंकाचं पान असेल, गराज सेलमध्ये मिळालेलं लेबल असेल, तर घेऊन या. काका बघून सांगतील. पाच डॉलर मदतनिधीच्या डब्यात टाकले की झालं. मात्र एक विनंती: नीटनेटकं दिसावं म्हणून कडा कापून आणू नका. खालच्या पट्टीवरच तर सगळं लिहिलेलं असतं!